मायच्या ओव्या, माझा अंगठा

बावीस वर्षांची होईपर्यंत मी माझ्या मायला गाताना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असंही मला कधी वाटलं नव्हतं. काहींच्या माया गातात, काहींच्या गात नाहीत. आमची माय बोलायचीसुद्धा बेताचंच. घरात बडबड असायची ती बाबांची आणि माझी. बाबा शेतमजुरी करायचे, पण छप्पनच्या दीक्षेपासून वस्तीचे पुढारी होते, त्यामुळं त्यांना बोलायची सवय. मी त्यांच्यावरच गेले. फटकळ, हट्टी, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

हे सगळं निघालं ते एका गिटारपायी. मी औरंगाबादेत मास्तरकीचं ट्रेनिंग घेत होते. होस्टेलात माझ्या खोलीत जालन्याची एक ख्रिस्ती मुलगी होती. तिच्याकडं गिटार. एके दिवशी मी दाराबाहेरून ऐकलं तर आत दोघीजणी वाजवतायत असं वाटलं, एक खाली ठोका धरतेय आणि एक वर चाल वाजवतेय. दार उघडलं तर ही एकटीच. मी खरंच कॉटखाली वाकून पाहिलं. ती हसून लोळायची बाकी राहिली. मग तिनं दाखवलं, जाड तारांवर एकटा अंगठा चालतो, तो कुणासाठी थांबत नाही, आणि बारीक तारांवर बाकीची बोटं गाणं म्हणतात. साथ करणारी तीच आणि गाणारीही तीच. मी हट्ट धरला, मला हे यायलाच पाहिजे.

आलं कसलं कप्पाळ! बोट हललं की अंगठा थांबायचा, अंगठा चालवला की बोटं बधिर व्हायची. तारा एकदम दाबायच्या तीन पकडी शिकले, बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, परत आले. सहा महिन्यांनी तिचं प्रार्थनेचं एक गाणं मला धडपडत वाजवता यायला लागलं. तेव्हा ती सहज म्हणाली, आता माझं पुरे झालं, तुझ्या घरचं काहीतरी वाजव, तुझ्या मायचं.

मी तोंड उघडलं आणि तोंडात काहीच नव्हतं. पाळणा नाही, ओवी नाही, लग्नातलं गाणं नाही. सिनेमाची शंभर गाणी येत होती, पण मायच्या तोंडची एक ओळ नाही. वस्तीतल्या बाकी बाया गायच्या की. बुद्धाच्या, धम्माच्या, शाळेच्या नव्या ओव्या रचायच्या, जयंतीला गोळा होऊन म्हणायच्या. माझी माय त्यांच्यात बसायची, टाळ्याही वाजवायची, पण ओठ मिटलेले. हे मी लहानपणापासून पाहत होते आणि मला ते पहिल्यांदा त्या कॉटवर बसून दिसलं. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मैत्रिणीवरच चिडले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिनं ते मनावर घेतलं नाही. ट्रेनिंग संपल्यावर तिचं लग्न झालं, सासरी पेटी होती, म्हणून जाताना गिटार माझ्याच गळ्यात अडकवून गेली.

नोकरी लागली हसनाबादेत. खोली मिळेना. नाव सांगितलं की खोली रिकामी असायची, जात कळली की ती कालच कुणाला तरी दिलेली निघायची. तिसऱ्या वेळी मी त्या घरमालकाला दारातच चार शब्द सुनावले आणि तडक निघाले. शेवटी एका मुसलमान म्हातारीनं खोली दिली. तिला सगळे खाला म्हणायचे, मीही म्हणायला लागले. तिला गिटारचं फार कौतुक. हे काय मधेच तुणतुणं मधेच सतार, असं म्हणायची आणि दाराला टेकून बसायची.

एकदा तिनं विचारलं, तुझं गाव कोणतं. मी सांगितलं, भोकरदनकडचं. ती सरसावून बसली, कारण ते तिचं माहेर निघालं. मग कुणाची पोरगी, घर कुठं, अशा चौकश्या. आमची वस्ती आणि तिचं माहेर यांच्यात एक बोळ तेवढा होता. मी मायचं नाव सांगितलं तर म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"तू तिची पोरगी? अगं, मी माहेराला यायची तवा तुझी माय जात्यावर बसली की आमची अम्मी आमाला चूप करायची. बिलकुल बोलायचं न्हाई. लोक पाणी भरायचं सोडून बोळात उभे राह्यचे."

मी म्हटलं, खाला, तुमची काहीतरी गल्लत होतेय, माझी माय गात नाही. तिला माझा रागच आला. म्हणाली, गात न्हाई म्हंजे? आणि तिनं तिच्या थरथरत्या आवाजात एक चाल म्हणून दाखवली. शब्द तिच्या ध्यानात नव्हते, नुसतंच ला ला. सरळ वर चढणारी, मधे एका जागी अडून राहणारी, मग हळूहळू उतरणारी चाल. तोंडात मारल्यासारखं झालं मला. बोळातले लोक ऐकायचे, पोरगी सोडून सगळ्यांनी ऐकलं होतं.

पुढचे चार-पाच महिने मी ती एकच चाल घेऊन बसले. खालाला पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. ती दर वेळी थोडी वेगळी म्हणायची, कधी इथं उतरायची, कधी तिथं, आणि विचारलं तर म्हणायची बराबर असंच होतं. मी वैतागायचे. तिच्यावर ओरडता येत नाही म्हणून तारांवर राग काढायचे. शाळा सुटली की चाल, सुट्टीच्या दिवशी चाल. खाली माझ्या तीन पकडी बसवल्या, अंगठ्याचा ठोका बसवला. अवघड जागी अंगठा थांबायचाच, पण बाकी जमलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी गिटार घेऊन एसटीत बसले. सगळ्या वाटेनं मनात एकच. ही चाल मायनं ओळखली पाहिजे. ओळखली तर ती गाईल. आणि नाहीच ओळखली तर मी आईविना वाढल्यासारखीच, असलं काहीतरी वेडं माझ्या डोक्यात बसलं होतं.

बाबा बाजाराला भोकरदनला गेलते. माय दारापुढच्या मांडवात सूप घेऊन तूर निवडत होती. मी तिच्यासमोर पाय पसरून बसले, काही सांगितलं नाही आणि वाजवायला सुरुवात केली. तिनं मान वर केली नाही. खडे काढत राहिली. एकदा पूर्ण वाजवली, काही नाही. दुसऱ्यांदा वाजवली. माझे डोळे भरून यायला लागले होते आणि रागही येत होता.

तिसऱ्यांदा अर्ध्यावर आले तेव्हा ती तुरीकडं बघतच म्हणाली, "तिथं उतरत न्हाई."

माझे हात जागीच थांबले. मी म्हटलं, काय?

"तिथं खाली उतरत न्हाई ते. पहिल्या डावाला वरच ऱ्हातं. दुसऱ्या डावाला उतरतं."

मी तसं वाजवून पाहिलं. चाल अशी बसली की मला हसू फुटलं आणि रडूही आलं. चार महिने खाला आणि मी ज्या जागी डोकं आपटत होतो, ती जागा हिनं सुपातून मान न काढता सांगितली. मग एकेक निघायला लागलं. तिनं विचारलं, हे खाली काय घडीघडी बदलून राह्यली? मी ऐटीत सांगितलं की ती साथ आहे, तीन पकडी आहेत, त्या बदलत्या ठेवाव्या लागतात. ती म्हणाली, कशाला? जातं एकच बोलतं. मी सहा महिने रक्त आटवून शिकलेल्या पकडी तिनं एका वाक्यात उडवल्या. मला झोंबलं. पण खालच्या दोन जाड तारा नुसत्या घुमत ठेवल्या आणि वर चाल घेतली तर तिचंच खरं होतं. आता चालीला बसायला जागा मिळाली.

अवघड जागा आली, अंगठा नेहमीसारखा थांबला.

"तुझं जातं थांबून राह्यलं," माय म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून उठली.

आमचं जातं गिरणी आल्यापासून आतल्या कोपऱ्यात पडून होतं, वर गोधड्यांची चळत. तिनं गोधड्या काढल्या, पदरानं धूळ पुसली, ओंजळभर ज्वारी आणली आणि मला समोर बसवलं. उजव्या हातात खुंटा, डाव्या हातानं घास घालायचा. मी दोन वेढ्यांत चुकले, घास घालताना खुंटा थांबला. पुन्हा, म्हणाली. पुन्हा थांबला. तिनं माझ्या हातावर हात ठेवून फिरवायला लावलं आणि सांगितलं की घासाकडं बघायचं न्हाई, खुंट्याकडंबी बघायचं न्हाई, हात आपला आपण जातो. एक हात फिरवतो, एक हात घालतो, तोंड तिसरंच काम करतं. होस्टेलातली मैत्रीण सहा महिने जे सांगत होती ते हे होतं, आणि ते माझ्या घरात गोधड्यांखाली पडलेलं होतं. पंधरा-वीस घासांनंतर माझा हात थांबेनासा झाला. दगड घरघरायला लागला, पीठ कडेनं पडायला लागलं, आणि ती माझ्यासमोर खुंट्याला हात लावून बसलेली.

मी म्हटलं, आता म्हण.

"न्हाई."

मी म्हटलं, माय, खालानं सांगितलं मला सगळं. लोक बोळात उभे राहायचे. मग मला का नाही कधी? माझा आवाज चढला. मी तिला नको नको ते बोलले, की मला तू परक्यासारखी वाढवलीस. तिनं ऐकून घेतलं. मग जी भीती माझ्या मनाला चाटूनही गेली नव्हती ती तिनं सांगितली.

"तुझ्या बापानं देव नदीत सोडले. बराबरच केलं. पर माझ्या ओव्या सगळ्या देवाच्याच होत्या. त्या गेल्या. मंग ऱ्हाली नुसती चाल. चालबी सोडायची का ठेवायची, हे मला कुणी सांगितलं न्हाई."

बाकीच्या बायांनी ठेवली की, मी म्हटलं. त्याच चालीवर बुद्धाचं रचलं.

"त्यांचे नवरे पुढारी नव्हते," माय म्हणाली. "माझ्या तोंडून जुनी चाल निघाली असती तर लोक म्हणले असते, ह्याच्या घरातलेच देव अजून गेले न्हाईत. तुझ्या बापाकडं बघितलं मी. त्यो काई बोलला न्हाई. मंग मी गप झाले."

माझं डोकंच फिरलं. ज्या बाबांना मी देवाच्या जागी मानत होते, ज्यांनी मला वस्तीतली पहिली मास्तरीण केलं, त्यांनी माझ्या मायचं तोंड बंद केलं होतं. येऊ देत बाजारातून, मी म्हटलं, मी विचारते त्यांना. आणि मी उठले तर बाबा दारातच उभे होते. हातात बाजाराची पिशवी. डोक्यावरचं उपरणंही काढलेलं नव्हतं.

ते कधीचे आलते कोण जाणे. पुढं ते म्हणाले, की बोळातूनच जात्याचा आवाज आला, म्हणून मांडवात थांबलो, पाय वाजू दिला नाही, आता म्हणती का, आता म्हणती का असं करत उभा राहिलो. पण त्या क्षणी ते असं काही बोलले नाहीत. पिशवी ठेवायला गेले तर ती कलंडली आणि कांदे घरभर गेले. कुणी उचलले नाहीत.

मी भांडायला तोंड उघडलं होतं. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि मायकडं बघून म्हणाले, "मी तुला गाऊ नको म्हणलो?"

माय म्हणाली, "म्हणलात न्हाई. गा असंबी म्हणला न्हाईत."

बाबा खालीच बसले. वस्तीत सभा गाजवणारा माझा बाप अडखळत बोलायला लागला. त्यांनी सांगितलं ते असं. सगळ्या बायांनी नव्या ओव्या रचल्या, आणि जी त्यांच्यात सगळ्यात मोठी गाणारी, तिनं एक ओळ रचली नाही. तेव्हा त्यांना वाटलं, हिला दीक्षा पटलेलीच नाही. देव मी हिच्या हातातून ओढून नेले, म्हणून ही रुसली. माझ्यामागं आली ती नुसती फरफटत. आणि ज्याच्या बायकोलाच पटलं नाही त्यानं वस्तीला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर काय करायचं? एकोणीस वर्षं ते दर सभेत, दर जयंतीला तिच्या मिटलेल्या ओठांकडं बघत होते आणि आपण हरलो असं समजत होते. आणि ती त्यांच्या गप्प बसण्याकडं बघत होती. एका खोलीत. एका चुलीपुढं.

मला वाटलं माय रडेल. ती रडली नाही, भडकली. मायला चिडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "एकोणीस साल? एक शबुद इचारता आला न्हाई? मला पटलं न्हाई म्हणता? हैत की माझ्या ओव्या. लई हैत. रोज रचल्यात. भाकरी करताना, शेतात निंदताना, पाणी भरताना. मनातल्या मनात. तुमाला ऐकू आल्या न्हाईत तर मी काय करू?"

बाबांनी तिच्याकडं असं बघितलं की मला तिथं उभं राहवेना. मी गिटार उचलली, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं. अंगठा चालू केला, दोन जाड तारा. वर चाल घेतली, तिनं दुरुस्त केलेली. एक फेरा झाला, दुसरा झाला. मायनं खुंट्यावरचा हात काढला नव्हता. तिनं मान खाली घातली आणि तोंड उघडलं.

आवाज चढलाच नाही. चाल जिथं वर जाऊन अडून राहते, तिथं तिचा आवाज फाटला आणि नुसती हवा आली. ती दचकली. आपल्याच गळ्याला हात लावून बसून राहिली. तिला माहीतच नव्हतं. एकोणीस वर्षं मनात गात होती, मनातला आवाज तसाच तरणा होता, बाहेरचा चुलीच्या धुरात आणि न वापरता कधी गेला ते तिला कोण सांगणार होतं? तिनं पुन्हा केलं. पुन्हा तिथंच फाटला.

मी म्हटलं, थांब माय, मी खाली येते. आणि गिटारच्या खुंट्या पिळून सगळ्या तारा सैल केल्या. वाजवलं, तिनं मान हलवली, अजून खाली. अजून सैल केल्या. जाड तार इतकी ढिली झाली की लाकडावर फडफडायला लागली. आणखी खाली गेले असते तर गिटारमधून सूरच निघाला नसता. तिथं तिला जागा सापडली. खोल, खरखरीत आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखं ती म्हणाली:

देव सोडिले पाण्यात, कोनाडा राहिला रिता,
लेकीची ठेविली पाटी, तिच्या पाया पडू आता.

माझा अंगठा चालू राहिला. कसा राहिला ते मला सांगता येणार नाही. बाबांनी विचारलं, ही कधी रचली. तिनं सांगितलं, पोरगी पहिलीत बसली त्या दिवशी. म्हणजे दीक्षेनंतर अवघ्या तीन वर्षांनी. बाबांनी उपरणं तोंडाला लावलं. उपरण्याआडूनच म्हणाले, अजून एक म्हण.

मायनं म्हणायचा प्रयत्न केला. दोन ओळींनी तिचा गळा पार बसला होता, खाकरून, पाणी पिऊनही सूर धरेना. तिनं मान हलवली.

"आता न्हाई होत. पोरीला वाजवू द्या. मी नुसती सांगते."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. मी चाल वाजवायची आणि ती त्यावर ओव्या बोलायची, भाजी काय आणायची ते सांगावं तशा आवाजात, एकामागून एक. बाबा कांद्यांच्या मधे बसून ऐकत होते. त्या सुट्टीत ती रोज सांगायची, पुढच्या सुट्टीतही, आणि मी वहीत उतरवून घेत गेले, तरी त्या संपल्या नाहीत. माझा अंगठा तेवढ्यात चांगला तयार झाला, आता तो झोपेतसुद्धा थांबणार नाही. पण मायच्या ओव्या मी सगळ्या अशा बोललेल्याच ऐकल्या. गायलेली फक्त ती एक.